प्रयोगशाळा आणि शेजारची खोली

१८९६च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या एका शाळेतल्या बाई १४ वर्षांच्या एका मुलाला घेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आल्या. मुलगा तसा हुशार. पण स्पेलिंगच्या नावाने बोंब. काही केल्या शब्द नीट लिहिता येईनात, वाचतानाही गाडी अडायची. या बाई विद्यापीठात मानसशास्त्राच्या तासांना बसत असत. त्यांनी मुलाला थेट आपल्या मास्तरांपुढे, लाइटनर विटमर यांच्यापुढे उभं केलं.

विटमर तेव्हा २८ वर्षांचे होते. जर्मनीत लाइपझिगला जाऊन विल्हेल्म वुंट यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले. १८७९मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडून या विषयाला तत्त्वज्ञानापासून वेगळं काढणारे ते हेच वुंट. ठोका ऐकू आल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ जातो, दोन वजनांत किती फरक पडला की तो हाताला कळतो, असल्या गोष्टी तिथे सेकंदाच्या अंशापर्यंत मोजत. स्पेलिंग न येणाऱ्या पोराचं काय करायचं, याबद्दल त्या सगळ्या विद्येत अवाक्षर नव्हतं. विटमर यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की, मानसशास्त्राला काही किंमत असेल तर ते अशा मुलाच्या उपयोगी पडायलाच हवं, असं त्यांना तेव्हा वाटलं. त्यांनी मुलाला तपासलं, तर दोष नजरेत निघाला. चष्मा लागला, शिकवणी सुरू झाली, मुलगा थोडाफार सुधारला. त्याच वर्षी विटमर यांनी विद्यापीठात ‘सायकॉलॉजिकल क्लिनिक’ सुरू केलं. डिसेंबरमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सभेत त्यांनी ही कल्पना मांडली. ज्येष्ठ मंडळींना तिचं विशेष काही वाटलं नाही.

आज मुंबई-पुण्यात मानसशास्त्र घेऊन एम. ए. करणारी मुलं एका तासाला संख्याशास्त्र शिकतात आणि पुढच्या तासाला समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं ते शिकतात. त्यांना यात वावगं काही दिसत नाही. पण हे दोन तास एका वेळापत्रकात यायला विटमर यांच्या क्लिनिकनंतर पन्नासेक वर्षं जावी लागली. ते काम विद्यापीठांनी आपण होऊन केलेलं नाही. दर वेळी अडलेला माणूस दारात येऊन उभा राहिला, आणि त्याला परत पाठवणं अवघड झालं, म्हणून ते झालं.

असा दुसरा माणूस बॉस्टनमध्ये उभा होता, आणि त्याला मुळात मानसशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. त्याला नोकरी हवी होती.

त्याच्यासाठी दार उघडलं फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी. त्यांनी स्वतः आयुष्यात नाना धंदे करून पाहिले होते. इंजिनिअरिंग शिकले, रेल्वेत लागले, मंदीत नोकरी गेली, कारखान्यात अंगमेहनत केली, शाळेत शिकवलं, वकिली केली, कायदा शिकवला, बॉस्टनच्या महापौरपदाची निवडणूक लढवून हरले. धंदा निवडताना माणूस किती चाचपडतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शहराच्या नॉर्थ एंड भागात नव्याने आलेल्या इटालियन, ज्यू वगैरे स्थलांतरितांची वस्ती होती. तिथल्या ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ या सेवाभावी संस्थेत १९०८च्या जानेवारीत पार्सन्स यांनी ‘व्होकेशन ब्युरो’ उघडला. पैसा पॉलिन अगासिझ शॉ या दानशूर बाईंचा. आलेल्या तरुणाला भलीमोठी प्रश्नावली दिली जाई. पार्सन्स यांचं सूत्र तीन कलमी होतं: आधी स्वतःला ओळखा, मग कामधंद्यांची खरी माहिती घ्या, आणि मग दोन्हींचा मेळ घाला. सूत्र शहाणपणाचं होतं, पण साधनं तुटपुंजी. मुलाखत घेता घेता ते समोरच्याच्या डोक्याचा आकारही निरखत, कानाच्या पुढे किती, मागे किती, वर किती! कवटीवरून स्वभाव ताडण्याचं त्या काळचं खूळ त्यांनाही सुटलं नव्हतं.

ब्युरो उघडून वर्षही झालं नव्हतं, तोच सप्टेंबरमध्ये पार्सन्स वारले. त्यांचं ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक १९०९मध्ये, त्यांच्या पश्चात निघालं. पुढे त्यांच्या जागी आलेल्या मायर ब्लूमफील्ड यांनी १९११च्या उन्हाळ्यात हार्वर्डमध्ये या विषयाचा वर्ग घेतला. म्हणजे व्यवसाय मार्गदर्शन तीन वर्षांत विद्यापीठात पोचलं होतं. पण शिक्षकांसाठी चालवलेल्या उन्हाळी वर्गापुरतं. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार त्याला अजून बंद होतं.

ते किलकिलं केलं चाचण्यांनी. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने १७ लाखांहून अधिक सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. युद्ध संपल्यावर तेच तंत्र कॉलेजांत आलं. मिनेसोटा विद्यापीठाने १९३२मध्ये चाचण्यांसाठी स्वतंत्र ब्युरो काढला आणि तो ई. जी. विल्यमसन यांच्याकडे सोपवला. विद्यार्थ्याने यायचं, चाचण्या द्यायच्या, गुण घेऊन सल्लागारापुढे बसायचं. सल्लागाराने निदान करायचं आणि काय करणं हिताचं ते सांगायचं. यात मानसशास्त्र होतं, मोजमाप होतं, आणि वडीलधाऱ्यांचा अधिकारही भरपूर होता. विल्यमसन यांचं ‘हाउ टू कौन्सेल स्टुडंट्स’ हे पुस्तक १९३९चं.

११ डिसेंबर १९४०ला याच मिनेसोटा विद्यापीठात एक पाहुणा व्याख्यानाला आला आणि त्याने यजमानांच्या अंगणातच त्यांच्या पद्धतीवर टीका केली.

कार्ल रॉजर्स तेव्हा ३८ वर्षांचे होते. आधी पाद्री व्हायला न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत गेले, तिथून रस्ता ओलांडून कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राला आले. पुढची १२ वर्षं रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांच्या एका केंद्रात काढली. कोर्टाने पाठवलेली, शाळेने काढून टाकलेली, आईबापांनी हात टेकलेली मुलं. तिथे त्यांच्या ध्यानात आलं की, आपण केलेलं निदान पुष्कळदा बरोबर असतं, पण त्याचा कुणाला काडीचा उपयोग होत नाही. नेमकं कुठे दुखतंय हे येणाऱ्यालाच माहीत असतं. त्याला बोलू दिलं तर वाटही त्यालाच सापडते. मिनेसोटात त्यांनी हेच सांगितलं, आणि सल्ला देणारा सल्लागार कसा चुकतो याचा मासला श्रोत्यांच्याच परिसरातून उचलला. सभेत खळबळ उडाली. रॉजर्स स्वतः पुढे या तारखेला आपल्या विचाराचा जन्मदिवस मानत.

हे सगळं अर्थातच एका माणसाचं मत म्हणून राहिलं असतं. विटमर यांचं राहिलं तसंच. फरक पडला तो एका यंत्रामुळे, आणि या इतिहासात त्या यंत्राला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही.

रॉजर्स १९४०मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात, कोलंबस शहरात प्राध्यापक म्हणून आले होते. तिथे बर्नार्ड कोव्हनर या विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रणाची व्यवस्था उभी केली. समुपदेशनाच्या खोलीत मायक्रोफोन, दुसऱ्या खोलीत तबकड्या कोरणारी यंत्रं. टेपरेकॉर्डर अमेरिकेत अजून यायचा होता. होत्या त्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या. तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत भरे. ती भरायच्या आत दुसऱ्या यंत्रावर नवी तबकडी तयार ठेवायची, सुई टेकवायची, पहिली उतरवायची, उलटायची, पुन्हा चढवायची, तासभर हेच. मग कुणीतरी त्या तबकड्या पुन्हा पुन्हा वाजवून प्रत्येक वाक्य टंकून काढायचं, ‘अं’ आणि ‘हं’सकट. ‘हर्बर्ट ब्रायन’ असं टोपणनाव दिलेल्या एका तरुणाच्या आठ बैठका अशा उतरवल्या गेल्या आणि १९४२च्या ‘कौन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ या पुस्तकात पहिल्यापासून शेवटपर्यंत छापल्या गेल्या. एखाद्या माणसाचा संपूर्ण उपचार शब्दशः छापून जगापुढे ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती.

तोवर बंद दाराआड काय घडतं हे फक्त उपचारकर्त्याच्या तोंडून कळायचं. सत्र संपल्यावर आठवणीतून लिहिलेली टिपणं. त्यांत प्रत्येक जण आपल्याला सोयीचं तेवढंच आठवणार! आता पुरावा तबकडीवर होता. ई. एच. पोर्टर या रॉजर्स यांच्या विद्यार्थ्याने अशा मुलाखतींतले शब्द चक्क मोजले. सल्ला देणाऱ्या पद्धतीत सल्लागार समोरच्याच्या जवळपास तिप्पट बोलत होता. ऐकून घेणाऱ्या पद्धतीत समोरचा माणूस सल्लागाराच्या दुपटीहून अधिक बोलत होता. विद्यार्थी आपल्याच तबकड्या ऐकून ओशाळत. आपण फार मन लावून ऐकतो असं ज्याला वाटायचं, त्याला स्वतःचीच अखंड बडबड ऐकावी लागे.

वुंट यांच्या प्रयोगशाळेला हवं होतं ते इथे मिळालं: मोजता येईल, दुसऱ्याला तपासता येईल, असं काहीतरी. आणि वर्गालाही हवं होतं ते मिळालं. कारण जे ऐकता येतं, थांबवून दाखवता येतं, ते शिकवता येतं. विद्यापीठाच्या आवारात देखरेखीखाली समुपदेशनाचा सराव करून घेणं, ज्याला आज सगळीकडे ‘प्रॅक्टिकम’ म्हणतात, ते ओहायोत सुरू झालं. इतक्या पद्धतशीरपणे ते आधी कुठल्या विद्यापीठात झालं नव्हतं, असं रॉजर्स यांचं म्हणणं होतं. शिकागो विद्यापीठात १९४५मध्ये त्यांनी कौन्सेलिंग सेंटर काढलं आणि तिथलं संशोधन १९५४मध्ये पुस्तकरूपाने आलं. उपचाराची वाट पाहत थांबलेल्या लोकांचा गट तुलनेसाठी ठेवून, आधीची आणि नंतरची मोजमापं घेऊन केलेलं काम होतं ते. डॉक्टरी पदवी नसताना हा उपचार करतोच कसा, म्हणून मनोविकारतज्ज्ञांनी रॉचेस्टरमध्येही आणि शिकागोतही त्यांच्यावर डोळे वटारले होते. १९५६मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आपला वैज्ञानिक योगदानाचा पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिल्या तिघांत रॉजर्स होते. विटमर यांचं थंडपणे ऐकून घेणारी संघटना ती हीच.

पण विचार पटला म्हणून विद्यापीठं पैसा सोडत नाहीत. पैसा युद्धाने आणला. १९४४च्या जी. आय. बिलाखाली सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजांत शिरले. कुणाचा पाय गेलेला, कुणाची झोप उडालेली, बहुतेकांना पुढे काय करायचं याचा पत्ता नाही. सरकारच्या माजी सैनिक विभागाने विद्यापीठांतच मार्गदर्शन केंद्रं उघडली आणि १९४६मध्ये २२ विद्यापीठांतल्या सुमारे २०० विद्यार्थ्यांना चिकित्सा मानसशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी पगार देऊ केला. १९४९च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला सत्तरेक तज्ज्ञ दोन आठवडे बसले आणि असा मानसशास्त्रज्ञ संशोधकही हवा नि उपचार करणाराही हवा, असं त्यांनी ठरवलं. १९५१मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या परिषदेत समुपदेशन मानसशास्त्राच्या डॉक्टरेटचा आराखडा झाला. १९५२मध्ये माजी सैनिक विभागाने त्या नावाचं पदच निर्माण केलं. पद आलं की अभ्यासक्रम येतो, हे विद्यापीठांचं जगभरचं गणित आहे.

पाच वर्षांनी रशियाने स्पुटनिक सोडला आणि गणिताला नवं वळण मिळालं. आपली हुशार पोरं हेरून विज्ञानाकडे वळवायला हवीत, म्हणून १९५८च्या कायद्याने शाळांतल्या समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला पैसे दिले. ते बहुतांशी शिक्षणशास्त्र विभागांकडे गेले. तेव्हापासून एकाच विद्यापीठात एक समुपदेशक मानसशास्त्र विभागात तयार होतो, दुसरा शिक्षणशास्त्र विभागात, आणि दोघं एकमेकांकडे जरा तिरक्या नजरेने पाहतात. भारतातही बी. एड.ला मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पेपर असतो नि एम. ए. मानसशास्त्रालाही. वाटणी तशीच.

भारताची गोष्ट मात्र अमेरिकेची नक्कल नाही. काही बाबतींत ती आधीची आहे.

कलकत्ता विद्यापीठात १९१६मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, देशातला पहिला. तो उभारणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते, आणि म्युन्स्टरबर्ग हे वुंट यांचे शिष्य. म्हणजे घराणं लाइपझिगचंच. पण या विभागात सुरुवातीलाच एक निराळा विद्यार्थी आला: गिरींद्रशेखर बोस. हे मुळात डॉक्टर, १९१०ला वैद्यकीय पदवी घेऊन कलकत्त्यात व्यवसाय करणारे आणि रुग्णांवर संमोहनाचे प्रयोग करणारे. त्यांनी १९१७ला मानसशास्त्रात एम. एस्सी. केलं आणि तिथेच शिकवू लागले. १९२१मध्ये दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहून डी. एस्सी. मिळवली आणि पुस्तक थेट व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइड यांना पाठवून दिलं. दोघांचा पत्रव्यवहार पुढे दीड दशक चालला. बोस यांनी त्यात आपले मतभेद अजिबात लपवले नाहीत; फ्रॉइडच्या सिद्धांताहून भारतीय रुग्णांचं मन काही ठिकाणी वेगळं दिसतं, हे ते बजावून सांगत. १९२२ला त्यांनी पारशीबागान लेनमधल्या आपल्या घरी इंडियन सायकोअॅनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली. फ्रॉइड यांच्या ७५व्या वाढदिवसाला या मंडळींनी पाठवलेली विष्णूची हस्तिदंती मूर्ती फ्रॉइड यांच्या टेबलावर असे.

रॉजर्स विद्यार्थिदशेत होते त्या काळात कलकत्त्याच्या एका विद्यापीठ विभागात प्रतिक्रियाकाल मोजणारे आणि रुग्णाचं बोलणं ऐकणारे एकाच छताखाली काम करत होते, ही गोष्ट मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत उरकली जाते. तिला परिच्छेद तरी द्यायला हवा. १९३८मध्ये या विभागात उपयोजित मानसशास्त्राची शाखा निघाली आणि तिने व्यवसाय मार्गदर्शनाचं काम हाती घेतलं. १९४०ला बोस यांनी लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय सुरू केलं. त्यासाठीची जागा त्यांचे भाऊ राजशेखर बसू, म्हणजे ‘परशुराम’ या नावाने लिहिणारे बंगालीतले थोर विनोदकार, यांनी दिली. तरीही मनोविश्लेषक घडवण्याचं काम विद्यापीठात झालं नाही, ते सोसायटीतच राहिलं. वर्गात सिद्धांत आणि घरी उपचार, अशी विभागणी कायम राहिली.

मुंबईत दार उघडलं ते तिसऱ्याच बाजूने. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकी मिशनरी नागपाड्यात नेबरहुड हाउस चालवत. गोदी कामगार, गिरणी कामगार, नाना धर्मांची नि भाषांची दाट वस्ती. बॉस्टनच्या नॉर्थ एंडचीच आठवण यावी अशी. १९३६मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पुढे देवनारला गेलेली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ती हीच. दुसऱ्याच वर्षी, १९३७मध्ये, या शाळेने बालमार्गदर्शन केंद्र काढलं. शाळेत न रमणारी, घरातून पळणारी, हट्टी, अबोल मुलं तिथे आणली जात, आणि समाजकार्याचे विद्यार्थी तिथे शिकत. मुंबईत समुपदेशनाचं प्रशिक्षण मानसशास्त्र विभागाच्या आधी समाजकार्याच्या शाळेत रुजलं. म्हणून मुंबईच्या या परंपरेत मुलाशी बोलण्याइतकंच त्याच्या घरी जाऊन येण्यालाही महत्त्व राहिलं. या संस्थेने २०१२मध्ये ‘आयकॉल’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू केली, तीही त्याच वाटेवरची.

व्यवसाय मार्गदर्शनाची दुसरी ओढ पारशी समाजातून आली. १९४७मध्ये मुंबईत पारसी पंचायतीने मार्गदर्शन केंद्र काढलं, १९५०मध्ये मुंबई सरकारने स्वतःचं. १९५२-५३च्या मुदलियार माध्यमिक शिक्षण आयोगाने शाळांत मार्गदर्शन हवं असं बजावलं आणि १९५४मध्ये दिल्लीत मार्गदर्शनाचा केंद्रीय ब्युरो स्थापन झाला. पार्सन्स यांचं तीन कलमी सूत्र या मार्गाने मराठी घरांत शिरलं. दहावीच्या सुट्टीत मुलाला ‘अॅप्टिट्यूड’ला नेऊन आणणं हा शहरी मध्यमवर्गाचा रिवाज झाला, आणि २०१६मध्ये तर राज्य शासनाने दहावीच्या मुलांची राज्यभर कलचाचणी घेतली. चाचणी झाली, निकाल मिळाला. समोर बसून तो निकाल मुलाला उलगडून सांगणारं माणूस मात्र गावोगाव नव्हतं. पार्सन्स निदान डोक्याकडे बघत का होईना, समोर बसत तरी होते.

पुण्यात १९५०मध्ये विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग सुरू झाला तो ‘प्रायोगिक’ म्हणूनच, प्रा. व्ही. के. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली. त्या परंपरेत वाढलेल्या पिढ्यांना बी. ए.च्या प्रॅक्टिकलचं जर्नल आठवत असेल: आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची आणि रेघेबाहेर किती वेळा गेली ते मोजायचं, म्युलर-लायरच्या दोन सारख्या रेघा डोळ्यांना कमीजास्त का दिसतात ते नोंदवायचं, आणि ‘सब्जेक्ट’ म्हणून शेजारच्या बाकावरची मैत्रीण. या शिस्तीला नावं ठेवणं सोपं आहे. पण आकड्यांचा धाक आणि आपल्या मतावर अविश्वास ठेवायची सवय या प्रयोगांनीच लावली, आणि पोर्टर यांनी शब्द मोजले ते याच सवयीतून. १९६२मध्ये पुण्यातच मानसशास्त्राचे अभ्यासक असलेल्या अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिच्या मानसशास्त्र संशोधिकेने बुद्धिमापनापासून सुरुवात केली आणि पुढे समुपदेशनाचं प्रशिक्षणही हाती घेतलं.

बंगळूरला १९५४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेने, म्हणजे पुढच्या निम्हान्सने, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ घडवायला सुरुवात केली. तिथे मानसशास्त्रज्ञ इस्पितळात, वॉर्डात शिकला. त्यामुळे भारतात चिकित्सा मानसशास्त्राला वैद्यकाचा आधार आणि पुढे १९९२च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्याखाली नोंदणीचं कवच मिळालं. समुपदेशनाला ते नव्हतं. एम. ए. करून, पदविका करून, किंवा पंधरवड्याचं शिबिर करूनही कुणी दारावर पाटी लावली, तर विचारणारं कुणी नव्हतं.

महाराष्ट्रात ही पोकळी काही अंशी विद्यापीठाबाहेरच्या माणसांनी भरली. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी मुंबईतून अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ती पद्धत आत्मसात केलेले कि. मो. फडके हे त्यांतलं ठळक नाव. त्यांनी समुपदेशकांना शिकवलं, मराठीत लिहिलं. पुढे अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ लिहून एलिस यांना सामान्य मराठी वाचकापर्यंत नेलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने उपचार आणि प्रशिक्षण यांची सांगड घातली. एम. ए.च्या कित्येक विद्यार्थ्यांनी सिद्धांत विद्यापीठात घेतला आणि माणसासमोर बसायला अशा संस्थांत शिकलं. गिरींद्रशेखरांच्या काळातली वाटणी ती हीच, फक्त पत्ते बदललेले.

मग कायदे आले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना आपल्या यादीत घेतलं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मात्र पुनर्वास परिषदेकडेच राहिले. एकाच एम. ए.च्या वर्गातून निघालेल्या दोघांची नोंद दोन वेगळ्या दरबारांत.

२०२५चा पावसाळा या बाबतीत विशेष होता. २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या खटल्यात निर्देश दिले: १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. ऑगस्टमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१च्या कायद्यात येणारे विषय, त्यात मानसशास्त्रही आलं, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली. इग्नूच्या एम. ए. मानसशास्त्रात समुपदेशन ही एक विशेष शाखा होती, आणि नोकरी-घर सांभाळून हा विषय शिकू पाहणाऱ्यांना तो एक परवडणारा रस्ता होता. आयोगाचं म्हणणं कोलंबसच्या त्या तबकड्यांशी जुळणारं आहे: कुणीतरी अनुभवी माणूस शेजारी बसून तुमचं ऐकतं, चुका दाखवतं, त्याशिवाय हे काम येत नाही. पण अशी देखरेख देऊ शकणारे विभाग महाराष्ट्रात मुख्यतः मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाने न्यायालयाला दाखवायचा समुपदेशक आणायचा कुठून, हा प्रश्न आज प्राचार्य आपल्या परीने सोडवतात. मानसशास्त्राचे प्राध्यापक असतील तर आठवड्याचे तास सांभाळून समुपदेशन कक्षाचा कार्यभारही त्यांच्याकडेच दिला जातो, मग त्यांनी एम. ए.ला उद्योग मानसशास्त्र का घेतलेलं असेना.